मिठी मोजणारा

आमचं चर्च केवढं आहे असं परक्या माणसाने विचारलं, तर थॉर्नलोत त्याला कुणी लांबीरुंदी सांगत नाही. ब्याण्णव माणसांचं आहे, असं सांगतात. हा आकडा एनॉक रॅगचा. त्याच्या आधी त्याच्या बापाचा, आणि त्याच्याही आधी कुणाचा होता ते गावाला आठवत नाही.

सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी आम्ही चर्चला मिठी मारतो. सगळं गाव बाहेरून भिंतीकडे तोंड करून उभं राहतं, हातात हात घेतं, आणि मनोऱ्यापासून वेदीच्या गाभाऱ्यापर्यंत सगळं चर्च कवेत घेतं. कोपऱ्यापलीकडे कोण उभं आहे ते कुणाला दिसत नाही. म्हणून मोजणारा माणूस चहूबाजूंनी फिरून येतो, एकेक जोड बघतो, आणि समाधान झालं की मोठ्या दारापाशी उभ्या असलेल्याचा हात दाबतो. त्याने पुढच्याचा दाबायचा, पुढच्याने त्याच्या पुढच्याचा. असा तो दाब चर्चला वळसा घालून परत दारापाशी आला की मिठी पूर्ण. मग गाणं, मग बेदाण्यांचे बन आणि चहा. मोजणाऱ्याने दाब सोडलाच नाही, तर मिठी अपूर्ण. त्या वर्षीही बन तेच असतात, पण घशाखाली उतरत नाहीत.

एनॉक चाळीस वर्षं मोजत आला होता. बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस तो कुरणांच्या कडेच्या भिंती रचायचा. चुन्याचा कण न घालता, नुसता दगडावर दगड. उंच, किडकिडीत, बिनलग्नाचा. हात इतके लांब की कोटाच्या बाह्या जन्मभर चार बोटं आखूडच राहिल्या. मी गावचं पोस्ट सांभाळते, ऑलिव्ह मार्पल्स माझं नाव, आणि पोस्टाच्या खिडकीतून माणसं जितकी कळतात तितकी पाद्र्यालाही कळत नाहीत. एनॉकला पत्र कधी यायचं नाही. तरी रोज अकराला तो यायचा, काही आलंय का विचारायचा, आणि नाही म्हटलं की "बरं झालं" म्हणून निघून जायचा.

चर्चचा विषय निघाला मात्र की त्याला आवरणं कठीण. सहाशे वर्षांपूर्वी मेलेल्या गवंड्यांबद्दल तो असा बोलायचा, जणू कालच त्यांच्याशी भांडून आलाय. मनोरा बांधणारा त्याच्या मते कामचुकार. "वरचे तीन थर बघ, ऑलिव्ह. त्याला घरी जायची घाई झाली होती." दक्षिणेच्या खिडक्या घडवणारा दिखाऊ. लाडका एकच, उत्तरेच्या पडवीचं, म्हणजे चर्चला त्या बाजूने जोडलेल्या लांबट दालनाचं, काम केलेला. त्याच्या छिन्नीचे घाव बाकीच्यांच्या उलट बाजूला कलतात, म्हणून एनॉक त्याला डावरा म्हणायचा. एनॉक स्वतः डावखुरा होता, पण तो योगायोगाचा भाग, असं त्याचं म्हणणं.

मिठीचे नियम त्याच्या जिभेवर असत. उघड्या हाताला उघडा हात. भिंत जाईल तिकडे आपण जायचं. भिंतीचा दगडी टेकू बाहेर आला असेल तर त्याला सरळ ओलांडून हात द्यायचा नाही, त्याच्या खाचेत शिरायचं आणि वळसा घालायचा. "चर्चने कोपर बाहेर काढलं म्हणून तेवढं मिठीतून वगळायचं का?" असं तो विचारायचा. आमच्या चर्चला अशी चौदा कोपरं आहेत, आणि एकेक कोपर दोन माणसं खातं. साखळीत उभं राहायचं ते ज्याची चूल थॉर्नलोत पेटते किंवा ज्याचं माणूस इथल्या मातीत आहे त्याने. आणि शेवटचा नियम असा, की लागोपाठ तीन वर्षं मिठी अपूर्ण राहिली तर प्रथा बंद. जे कवेत येत नाही त्याच्यापुढे दरवर्षी हात पसरून उभं राहू नये, असं जुनी माणसं सांगून गेलीत.

शिशाच्या खाणी बंद पडल्या, पोरं शेफील्डच्या कारखान्यांत गेली, आणि आमची कव आखूड होत चालली. साठ साली आम्ही सहा माणसांनी कमी पडलो. एकसष्ट साली नऊ. दोन्ही वेळा एनॉक फिरून दारासमोर आला, टोपी काढली आणि "अपूर्ण" म्हणाला. दोन्ही वेळा त्याचा चेहरा असा झाला होता की मला त्याचा राग आला आणि त्याला घरी नेऊन सूप पाजावंसंही वाटलं. कुणी विचारलं, एवढ्या माणसांत एखादी फट दिसली नाही म्हणून काय बिघडलं असतं? तो म्हणाला, "मला दिसली."

बासष्ट सालच्या ऑगस्टमध्ये मी यादी केली. कोण गावात आहे आणि कोण नाही ते माझ्याइतकं कुणाला माहीत? अठ्ठ्याहत्तर नावं निघाली. एनॉक त्यात नव्हता, कारण मोजणारा साखळीत नसतो. आणि डॉर्कस ऑलसप नव्हती, कारण डॉर्कस येत नाही.

डॉर्कसचं सांगायला हवं. एकोणचाळीस साली, लढाई सुरू होऊन आठवडाच झाला होता, तेव्हाच्या मिठीत ती मनोऱ्याच्या टेकूपाशी उभी होती. सातवा महिना होता. त्या खाचेत तिला शिरता येईना, म्हणून तिने आणि तिच्या बहिणीने मधे हातरुमाल धरला. एक टोक हिच्या हातात, एक तिच्या. एनॉक आला, रुमालाकडे बघितलं, पुढे गेला आणि दारापाशी म्हणाला, "अपूर्ण." मी तेव्हा एकोणीस वर्षांची, डॉर्कसपासून दहा माणसं सोडून उभी होते. तिचा नवरा रूबेन त्याच आठवड्यात फौजेत गेला आणि पुढच्या जूनमध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावर मेला. मिठी अपूर्ण राहिली की वर्षाच्या आत गावातलं कुणीतरी जातं, असं आमच्याकडे म्हणतात. म्हणणाऱ्यांची तोंडं मी बंद केली असती, पण तेव्हा मीही म्हणत होते.

तेव्हापासून डॉर्कस त्या रविवारी घराचे पडदे ओढून बसायची. एनॉकशी तेवीस वर्षं बोलली नाही. पण तिच्या बागेची भिंत कुठे ढासळली की दुसऱ्या दिवशी ती न सांगता रचलेली असायची, आणि तिसऱ्या दिवशी त्या भिंतीवर ताटलीखाली झाकलेली ओटची धिरडी असायची. दोघांपैकी कुणी यावर अवाक्षर काढत नसे. गावही काढत नसे, आणि आमच्या गावाचा हा एकच मोठेपणा मला माहीत आहे.

यादी घेऊन आम्ही शाळेच्या खोलीत बसलो. आमचे पाद्री मिस्टर पेव्हरेल नवे होते, भले होते, आणि उंटावरून शेळ्या हाकायची त्यांना सवय होती. ते म्हणाले, "मिस्टर रॅग, जिथे माणसं कमी पडतील तिथे छानशी रेशमी दोरी लावली तर?"

"दोरीने गाय बांधतात, मिस्टर पेव्हरेल."

पबवाला सेथ म्हणाला, "शेजारच्या गावची क्रिकेटची पोरं आणतो. बिअरवर येतील."

"त्यांचं इथे कोण पुरलंय?"

"एनॉक, तू असाच अडून बसलास ना, तर मिठीच पुरायला लागेल बघ."

एनॉक उठून गेला. त्यानंतर आठ दिवस तो पोस्टात आला नाही. अकरा वाजता खिडकीकडे बघून मलाच चुकल्यासारखं व्हायला लागलं.

गुरुवारी वेदीवर फुलं लावायची पाळी माझी असते. मी आत गेले तर एनॉक उत्तरेच्या पडवीत एका खांबाला मिठी मारून, गाल दगडाला टेकवून उभा.

"एनॉक, बरं वाटतंय ना तुला?"

"गप्प. मोजतोय."

मी फुलं ठेवली आणि बाकावर बसले. त्याने तिन्ही खांबांना तशीच मिठी मारली, मग माझ्याजवळ येऊन वर बोट दाखवलं. "ते काय आहे?"

"खिडकी. जन्मापासून बघतेय."

कमानींच्या वर, आतल्या भिंतीत, एक चिंचोळी खिडकी आहे, दगडांनी बुजवलेली. लहानपणी आम्हाला सांगायचे की तिथून सैतान कोण डुलक्या घेतंय ते बघतो.

"घराच्या आतल्या भिंतीला खिडकी कोण ठेवतं, ऑलिव्ह? ती बाहेरची भिंत होती. आधी चर्च इथवरच होतं. मग गावात शिसं सापडलं, माणसं वाढली, मावेनात. तेव्हा ह्या लोकांनी जुनी भिंत पाडली नाही. वर तशीच ठेवली, खालून कमानी कोरल्या आणि पलीकडे पडवी जोडली. हे खांब म्हणजे खांब नव्हेत. जुन्या भिंतीचे उरलेले पाय आहेत ते."

माझं आयुष्य त्या खांबांना टेकून बसण्यात गेलं होतं, आणि मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

"पडवी बांधून बारा वर्षं झाली नाहीत, तोवर महामारी आली," तो म्हणाला. "अर्धं गाव गेलं. म्हणजे पहिल्यांदा कमी पडणारे आपण नव्हे. त्यांनी काय केलं असेल? बाहेरून जमेना, तर जुन्या भिंतीवरून मिठी मारली असेल."

"हे कुठे लिहिलंय?"

"कुठेच नाही. पण मी असतो तर हेच केलं असतं."

मग त्याने मला ती वाट चालून दाखवली. गाभाऱ्याला बाहेरून वळसा घालत उत्तरेला यायचं. गाभारा जिथे पडवीला भिडतो, तिथे कोपऱ्यातच पाद्र्यांचं लहान दार आहे, तिथून आत शिरायचं. पुढे गाभारा आणि पडवी यांच्यामधली भिंत, तीन फूट जाड. पण त्या भिंतीत डावऱ्याने कोरलेला तिरका झरोका आहे. पडवीत उभं राहणाऱ्या गरिबांना त्यातून वेदी दिसावी म्हणून. एकाने गाभाऱ्यातून झरोक्यात हात घालायचा, दुसऱ्याने पडवीतून. तिथून खांबाखांबाने पुढे, पडवीच्या पश्चिमेच्या दारातून बाहेर, आणि मनोऱ्याला वळसा. उत्तरेची भिंत आणि तिची कोपरं वाचतात.

"आणि कोपर वगळायचं नाही म्हणणारा तो एनॉक रॅग कुठे गेला?" मी विचारलं. जीभ आवरली असती तर बरं झालं असतं.

तो बाकावर बसला. आठ दिवस दाढी केलेली नव्हती. "तेच झोंबतंय मला. पण मी असा विचार केला, की डावऱ्याने ही पडवी कशाला बांधली? माणसांना उभं राहायला. बाहेरून तिला कवेत घेता येत नाही, तर तिच्यात उभं राहू. माणसं आत उभी राहिली म्हणून तो रागावायचा नाही."

"किती लागतात?"

"ऐंशी."

अठ्ठ्याहत्तर आणि एनॉक मिळून एकोणऐंशी. पुढचं नाव आम्ही दोघांनीही घेतलं नाही.

शनिवारी दुपारी डॉर्कसला तिच्या मुलीचं पत्र आलं. ते काही घाईचं नव्हतं, पण मी ते हाती द्यायला गेले. खोटं कशाला बोलू, एनॉक त्या गल्लीकडे वळलेला मी पाहिला होता. तो दाराबाहेर टोपी हातात धरून उभा. डॉर्कस उंबऱ्यात, हात पिठाचे.

"माझी भिंत पडलेली नाही. मग कशाला आलायस?" ती म्हणाली. तेवीस वर्षांनंतरचं तिचं पहिलं वाक्य.

"एक माणूस कमी पडतंय."

"माझ्या घरात तेवीस वर्षं एक माणूस कमी आहे."

मी फाटकापाशीच थांबले. एनॉकने टोपी एकदा फिरवली. "मी तेव्हा खोटं बोललो असतो तर रूबेन परत आला असता, असं मला वाटत नाही, डॉर्कस. पण खोटं बोललो असतो तर बरं झालं असतं, असं मात्र रोज वाटतं."

तिने पिठाचे हात पुसले. मग फाटकापर्यंत येऊन माझ्या हातातलं पत्र घेतलं, परत गेली आणि दार लावलं. रागाने नाही, नेहमीसारखंच. एनॉकने जाताना तिच्या भिंतीवरचा एक दगड उगाच हलवून पाहिला.

रविवारी ऊन होतं. एनॉकने सगळ्यांना दारासमोर गोळा करून नवी वाट सांगितली. सेथ म्हणाला, "चाळीस वर्षं आम्हाला त्या खाचांत कोंबलंस, आणि आता म्हणतोस आतून चला?" पण तो हसत होता, आणि सगळ्यात आधी पडवीत जाऊन झरोक्याजवळच्या खांबाशी तोच उभा राहिला. मिस्टर पेव्हरेलांनी रेशमी दोरी आणलीच होती, ती गुपचूप खिशात घातली.

"आणि मोजणार कोण?" मी विचारलं. "तू साखळीत आहेस."

"झरोक्यापलीकडे जे उभं राहील, ते. शेवटचा जोड त्याच्या हातात. तो दाब सोडेल किंवा सोडणार नाही."

"झरोक्यापलीकडे कोण आहे?"

"अजून कुणी नाही," एनॉक म्हणाला.

मी त्या लहान दारात उभी राहिले. माझा डावा हात एनॉकच्या उजव्या हातात, उजवा बाहेर मिस्टर पेव्हरेलांच्या हातात. एनॉकने डावा हात झरोक्यात घातला, कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत. इतक्या लांब हाताचा जन्मात पहिल्यांदाच काही उपयोग झाला. तो झरोका डाव्या हाताला असा बसला की मला त्या मेलेल्या डावऱ्याची आठवण झाली. एनॉकचा गाल भिंतीला टेकला होता आणि डोळे मिटलेले होते. पलीकडे काहीच नव्हतं. आम्ही वाट बघत राहिलो. बाहेर कुणाचं तरी मूल रडलं आणि थांबलं. आता मनोऱ्यापाशी कुणीतरी हात सोडेल आणि सगळं संपेल, असं मला वाटायला लागलं.

मग पडवीत बुटांचा आवाज आला. सावकाश, कसलीही घाई नसलेला.

पलीकडे काय झालं ते मला दिसलं नाही. ते सेथने नंतर पबमध्ये शंभर वेळा सांगितलं, म्हणून माहीत आहे. डॉर्कस तिच्या चांगल्या कोटात आली, काही न बोलता सेथचा हात घेतला आणि दुसरा हात झरोक्यात घातला. एनॉकचं सगळं अंग ताठ झालं, ते मला माझ्या हातात कळलं. मग झरोक्यातून तिचा आवाज आला.

"थांब. हातमोजा आहे."

एक हात सेथच्या हातात अडकलेला, म्हणून तिने तो हातमोजा दातांनी ओढून काढला, असं सेथ सांगतो. आणि पुन्हा हात आत घातला.

"डॉर्कस," एनॉक भिंतीला म्हणाला, "लागलं का नीट?"

उत्तर नाही.

"तू मोजणारी आहेस. सांग."

उत्तर नाही. तिचा हात त्याच्या हातात होता, तिने नुसता दाबला असता तरी झालं असतं. पण ती दाबत नव्हती. मला वाटलं, हिने तेवीस वर्षं ह्याच घटकेची वाट बघितली, आणि आता ही "अपूर्ण" म्हणणार. आणि खरं सांगते, तिने म्हटलं असतं तरी मी तिला दोष दिला नसता.

तेवढ्यात माझा उजवा हात दाबला गेला.

मला काही कळेना. मी वळून मिस्टर पेव्हरेलांकडे पाहिलं. त्यांचे डोळे मोठे झाले होते आणि ते मान हलवत होते. तिने दाब सेथला दिला होता. जवळच्या हाताला सोडून लांबच्या वाटेने पाठवला होता. तीन खांब, पश्चिमेचं दार, मनोऱ्याचा तो टेकू जिथे तिने रुमाल धरला होता, दक्षिणेच्या दिखाऊ खिडक्या, सगळा गाभारा, अठ्ठ्याहत्तर माणसांतून. तो माझ्यापर्यंत आला होता आणि मी बावळटासारखी तो धरून उभी होते.

मी एनॉकचा हात दाबला.

त्याने डोळे उघडले. रडताना तो ओठ मिटून घ्यायचा, हे मला त्या दिवशी कळलं. त्याने झरोक्यात आपला हात दाबला असणार, कारण पलीकडून डॉर्कस म्हणाली, "हं. कळलं मला. आता गाणं म्हणायचंय की असंच उभं राहायचंय?"

बाहेर गाणं सुरू झालं होतं. साखळी सुटली, माणसं चहा-बनांकडे निघाली. एनॉकने माझा हात सोडला. भिंतीतला सोडला नाही. मी जरा वेळ थांबले, मग फुलांचं पाणी बदलायचं निमित्त करून बाहेर आले.